बारीक मुठीचं पिस्तूल

“हे खेळणं आहे, मॅडम,” जाचकसाहेब म्हणाले आणि ते पिस्तूल त्यांनी बोटाच्या टोकानं माझ्याकडं सरकवलं. “आपण पिस्तूल घ्यायला आलोय.”

पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात आम्ही तिघं उभे होतो. उदयसिंह जाचक म्हणजे आमच्या रायफल क्लबचे अध्यक्ष, डॉक्टर गुगळे सचिव आणि मी क्लबची पगारी कोच. काउंटरपलीकडं दुकानाचे मालक इनामदार. मधे हिरवं कापड अंथरलेलं आणि त्यावर दोन पिस्तुलं. दोन्ही पॉइंट टू टूची, म्हणजे बारीक पण खऱ्या गोळीची. एक इटालियन, लांब नळीचं, अक्रोडाच्या लाकडाची भरदार कोरीव मूठ असलेलं. दुसरं लहानसं, काळं, पाहून विसरून जावं असं.

साहेबांनी इटालियन उचललं, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. शोभत होतं त्यांना. सहा फूट उंच माणूस, मनगट माझ्या दंडाएवढं.

“बघा कसं बसलंय.”

“तुमच्या हातात बसणारच, साहेब. मुलांच्या हातात नाही बसणार.”

“मुलं वाढतात.”

“वाढेपर्यंत काय करायचं?”

इनामदार हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. ते दातांचे डॉक्टर होते. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून त्यांना स्वतःचं मिटून ठेवायची सवय लागली होती.

आमचं गाव सीना नदीच्या बाजूचं, तालुक्याचं. तिथल्या बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या गोदामात क्लबची रेंज होती. एका टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत, त्यामागं लोखंडी पत्रा. दोन वर्षं मी तिथं मुलांना एअर पिस्तूल शिकवत होते. छर्‍याचं पिस्तूल ते. आता बारा मुलं पुढं जाण्यासारखी झाली होती आणि मुलांच्या प्रशिक्षणासाठी म्हणून क्लबला एका पॉइंट टू टू पिस्तुलाचं सरकारी अनुदान मिळालं होतं. एकच पिस्तूल, बाराजणांना.

मी पिशवीतून पुठ्ठे काढले. आदल्या रविवारी प्रत्येक मुलाचा हात पुठ्ठ्यावर ठेवून मी पेन्सिलीनं कडा आखल्या होत्या आणि कात्रीनं कापून घेतल्या होत्या. ते बारा पंजे मी काउंटरवर मांडले.

“हे काय आता?” जाचकसाहेबांनी विचारलं.

“हे आपलं गिऱ्हाईक.”

मी एक पुठ्ठा इटालियन पिस्तुलाच्या मुठीवर धरला. अंगठ्याच्या बेचक्यापासून चापापर्यंत बोट पोचतच नव्हतं. पोचवायचं तर पंजा फिरवावा लागत होता. “असा पंजा फिरला की मनगट वाकतं. वाकलेल्या मनगटानं मूल दोन-चार महिने शिकलं की ती खोड पुढं जन्मभर जात नाही. आणि वजन किलोच्या वर. लांब केलेल्या हाताच्या टोकाला एक किलो धरून बघा साहेब, तेही बारा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या. पाचव्या गोळीला मुलं खांदा उचलून पिस्तूल पेलायला लागतात.”

मग मी ते लहान काळं पिस्तूल घेतलं. त्याची मूठ बारीक होती आणि बदलता येत होती. उजव्या हाताची वेगळी, डावखुऱ्याची वेगळी. गोळी भरायचा मागचा सरकता बोल्ट मी करंगळीनं ओढून दाखवला. शेवटची गोळी उडाली की तो मागं उघडाच राहायचा, म्हणजे पिस्तूल रिकामं आहे हे मला दहा फुटांवरूनही दिसलं असतं. एक गोष्ट मी इनामदारांना दोनदा विचारली. पॉइंट टू टूचं काडतूस पेन्सिलीच्या तुकड्याएवढं असतं आणि त्याच्या बुडाच्या कडेवर पिन आपटली की ते उडतं. आत काडतूस नसताना चाप ओढला तर साध्या पिस्तुलात ती पिन नळीच्या कडेवरच आपटते आणि कड खराब होते. आणि मुलं तर पहिला महिनाभर रिकामाच चाप ओढणार होती.

“याला रिकाम्या सरावासाठी वेगळी कळ आहे,” इनामदार म्हणाले. “लाख वेळा ओढा. साहेब, मी महाग विकलं तर माझाच फायदा. पण बाई म्हणतायत ते बरोबर आहे.”

डॉक्टरांनी एक पुठ्ठा उचलला. करंगळी जराशी बाहेर वळलेली. “ही गौरी ना?” त्यांची मुलगी. सायकलवरून पडून तिची करंगळी मोडली होती, ती तशीच वाकडी जुळली होती. तो पुठ्ठा त्यांनी आधी एका मुठीवर धरला, मग दुसऱ्या. “साहेब, लहानच घेऊ,” ते म्हणाले.

जाचकसाहेबांनी इटालियन पिस्तूल परत कापडावर ठेवलं. वाईट वाटलं त्यांना, पण चिडले नाहीत. परतीच्या वाटेवर पाटसला चहाला थांबलो तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले, “हट्टी आहेत मॅडम. पण हट्ट शोभतो. भोसल्यांचं रक्त आहे शेवटी.”

मी बशीत चहा ओतला आणि गार होऊ दिला.

पिस्तूल क्लबात यायला कागदपत्रांमुळं बरेच दिवस गेले. आलं तेव्हा त्याच्यासाठी लोखंडी कपाट बसवलं. कपाटाला दोन कुलपं. एक चावी परवान्यावर नाव असलेल्या सचिवांकडं, म्हणजे डॉक्टरांकडं, आणि दुसरी माझ्याकडं. दोघं असल्याशिवाय ते उघडायचं नाही. क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांनी शिकायला कायद्याची हरकत नव्हती. माझी मात्र एक अट होती. महिनाभर गोळी नाही.

मुलांनी तोंडं वाकडी केली. मी ऐकलं नाही. नळी कायम पोत्यांच्या भिंतीकडं. सांगेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. बोल्ट उघड, आतून बोट फिरवून बघ, शेजारच्याला दाखव, तोही बघेल, मग मी बघेन. रिकामं आहे हे माहीत असलं तरी. एकेक जण पुढं यायचा, हात लांब करायचा, चाप ओढायचा. टक. मी नळीच्या टोकाकडं बघत उभी. टोक हललं की पुन्हा.

बारांतली सात मुलं गावातली होती. डॉक्टरांची गौरी, कापडदुकानदाराचा मुलगा, शाळामास्तरांच्या दोन मुली, अशी. पाच मुलं गावाबाहेरच्या वसतिगृहातली. त्यांचे आईबाप वर्षातले सहा महिने ऊसतोडीला नाहीतर कुठं तरी कामाच्या मागं. त्या पाचांत बिजली काळे नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. डावखुरी, हडकुळी, बोलायला कमी. तिच्यासाठी मूठ बदलावी लागायची. दोन स्क्रू काढायचे आणि लावायचे, एवढंच काम. पण ते होईपर्यंत ती ओशाळून उभी राहायची, जणू आपल्यामुळं सगळे खोळंबलेत.

“मान खाली घालू नकोस,” मी म्हणायचे. “मूठ तुझ्यासाठीच आणलीय.”

महिना संपत आला तेव्हा एका शनिवारी फौजदार घुले क्लबात आले. क्लबाच्या हत्यारांची तपासणी करायला पोलीस अधूनमधून यायचेच. त्यांनी कपाट पाहिलं, काडतुसांची पेटी पाहिली, समाधानानं मान हलवली. जाचकसाहेब त्यांना रेंजवर घेऊन आले तेव्हा बिजली ओळीच्या पुढं उभी होती. डावा हात लांब, चेहरा शांत. टक. टोक हललं नाही.

“छान,” घुले म्हणाले. “नाव काय बाळ तुझं?”

“बिजली काळे.”

“काळे. कुठली तू?”

तिनं वस्तीचं नाव सांगितलं. घुलेसाहेबांचं हसू होतं तिथंच राहिलं, पण डोळे बदलले. ते डोळे मला पाठ होते.

“वडलांचं नाव?”

“सर तपासणी झाली असेल तर आमचा सराव चालू ठेवते,” मी म्हणाले. ते माझ्याकडं बघत राहिले, मग जाचकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर घेऊन गेले. बिजलीनं बोल्ट उघडला, बोट फिरवून बघितलं, शेजारी गौरी होती तिला दाखवलं. सगळं शिकवल्याप्रमाणं.

संध्याकाळी मुलं गेल्यावर जाचकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. डॉक्टर आधीच येऊन बसले होते. साहेबांनी माझ्यासाठी चहा सांगितला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. वसतिगृहातल्या मुलांना क्लबात घ्यायचं म्हटल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं होतं. अनुदानासाठी क्रीडा अधिकारी आले होते तेव्हा याच पाच मुलांना त्यांनी पुढच्या रांगेत उभं केलं होतं आणि खांद्यावर हात ठेवून फोटो काढला होता.

“घुलेसाहेबांचं म्हणणं असं,” त्यांनी सुरुवात केली, “की ती पाच मुलं पारध्यांची आहेत.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुम्हालाही माहीत होतं साहेब.”

“माहीत म्हणजे, गरीब घरची आहेत एवढं माहीत होतं. त्या काळेच्या पोरीचा बाप दोनदा आत जाऊन आलाय.”

“दोन्ही वेळा सुटलाय. तुमच्या घुलेसाहेबांना हे पण माहीत असणार.”

त्यांनी हात वर केला. “मी बंदी नाही घालत. एअर पिस्तूल चालवू दे की, कोण नको म्हणतंय? पण खरी गोळी वेगळी. मॅडम, या लोकांच्या रक्तातच नेम असतो. शिकवायचीसुद्धा गरज नसते. म्हणूनच काळजी वाटते. उद्या काही झालं तर क्लबचं नाव जाईल, परवाना जाईल.”

“मुलांना काय सांगायचं?”

“तुमचे ते पुठ्ठे आहेत की.” ते जरा मोकळे झाले. त्यांना वाटलं मी पाघळले. “हात बसत नाही म्हणा. तुम्ही सांगितलं की पटेल त्यांना. तुमच्यावर विश्वास आहे पोरांचा.”

मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते कपाकडं बघत होते.

त्या पुठ्ठ्यांसाठी मी बारा हात माझ्या हातात धरले होते. ते मुठीवर बसावेत म्हणून सगळ्या दुकानासमोर भांडले होते. आणि आता त्याच पुठ्ठ्यांनी पाच हात बाहेर काढायचे, तेही मीच.

“साहेब, मग माझ्याकडची चावी पण घ्या,” मी म्हणाले.

“तुमची कशाला?”

“मीही पारधीच आहे.”

साहेब हसले. मग माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसू आवरलं. “गंमत करताय. भोसले ना तुम्ही?”

“आमच्यात भोसले असतात. काळे असतात, पवार असतात, चव्हाण असतात. तुम्ही गाव विचारलंत, मी सांगितलं. पुढचं तुम्ही मनानंच ठरवलंत.”

“कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही कधी तुमची जात सांगितलीत मला? नोकरीला माझे कागद घेतलेत, त्यात सगळं होतं. कोणी वाचले नसतील तर मी काय करू?”

बाहेर चहावाल्या पोऱ्यानं कपांचा ट्रे आदळला.

मग मी बोलत गेले. आवाज चढवला नाही. मी आठ वर्षांची असताना शेजारच्या गावात एक दुकान फुटलं. सकाळी आमच्या पालावर गाडी आली आणि माझ्या बाबाला घेऊन गेली. आदल्या रात्री बाबा तापानं फणफणलेला होता, आईनं त्याला दोन गोधड्यांखाली धरून ठेवलं होतं. ते कोणी विचारलं नाही. दुकान कोणी फोडलं ते पुढं कळलं, दुकानदाराचाच भाचा निघाला. बाबा परत आला, पण उजवा पाय ओढत आला. पुढं मी वसतिगृहात राहून शिकले आणि मोठी झाल्यावर पोलिसात भरती झाले. लोकांना नवल वाटतं त्याचं. मला नाही वाटत. ज्या दारातून माझ्या बाबाला फरफटत नेलं त्या दारातून मला स्वतःच्या पायांनी आत जायचं होतं.

“सरकारनं माझ्या हातात रायफल दिली, पिस्तूल दिलं,” मी म्हणाले. “राज्याच्या संघातून खेळले. कंबर गेली म्हणून नोकरी सोडली, दुसऱ्या कशासाठी नाही. आणि रक्तातल्या नेमाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी माझी एकही गोळी कागदाला लागली नव्हती.”

“तुम्ही वेगळ्या, मॅडम,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही शिकलात.”

“तीही शिकायलाच आलीत.”

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच बोलले. “उद्या गोळीचा पहिला दिवस आहे ना? त्या पाच जणांना आणू नका. आणायचं असेल तर तुम्हीही येऊ नका.”

मी चहा संपवला आणि निघाले. डॉक्टर दारापर्यंत माझ्याबरोबर आले. त्यांना काही तरी बोलायचं होतं. मी त्यांना वेळ दिला नाही.

“डॉक्टर, बिजली तुमच्या खुर्चीत येऊन बसली तर तुम्ही आधी दात बघाल की आडनाव?”

मी स्कूटरला किक मारली.

रविवारी सकाळी मी स्कूटर घरीच ठेवली आणि वसतिगृहावर चालत गेले. पाची मुलं तयार होऊन बसली होती. केसांना तेल, शाळेचे गणवेश, रविवार असूनही. त्यांच्यापर्यंत काही तरी पोचलं होतं, कारण एरवी मला बघून पळत येणारी मुलं जागची हलली नाहीत.

“चला,” मी म्हणाले.

“आम्हाला यायचं नाही असं सांगितलंय,” त्यांच्यातला मोठा म्हणाला.

“मी सांगितलंय का?”

“नाही.”

“मग चला.”

मागच्या बाजूनं शेतातून एक वाट होती, ती जवळची. मी त्यांना बाजारपेठेतून नेलं. सकाळची वेळ, दुकानं उघडत होती, लोक झाडून पाणी मारत होते. बिजली माझ्या डाव्या बाजूला होती. खाली बघून चालता चालता तिनं विचारलं, “बाई, तुम्ही आमच्यातल्या आहात ते काल त्यांना सांगितलंत?”

मी थांबले. “तुला कोणी सांगितलं?”

“वसतिगृहाच्या बाईंना क्लबातून फोन आला होता. त्या बोलत होत्या ते ऐकलं.” मग जरा वेळानं म्हणाली, “पण आम्हाला आधीपासूनच माहीत होतं.”

“कसं?”

“तुम्ही काडतुसं मोजताना आमच्या बोलीत मोजता. तोंडातल्या तोंडात.”

मागून बाकीची चौघं हसली. पोलीस लाईनीत राहिले, शहरात राहिले, मराठी अशी बोलते की जाचकांनी मला त्यांच्यातली धरली. आणि आकडे मात्र आईच्याच तोंडचे राहिले होते. मलाही हसू आलं. मग आम्ही उरलेला रस्ता मोठ्यानं मोजत गेलो, आमच्या बोलीत, दुकानांच्या पायऱ्या, विजेचे खांब, वाटेत भेटतील ती कुत्री. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

रेंजवर सातही मुलं आलेली होती आणि त्यांच्यातल्या काहींचे आईबाप. जाचकसाहेब दारात हाताची घडी घालून उभे. घुलेसाहेबही आले होते, साध्या कपड्यांत. डॉक्टर आत लोखंडी कपाटापाशी बसले होते आणि गौरी त्यांच्या शेजारी.

“मी काय सांगितलं होतं?” जाचकसाहेबांनी विचारलं.

“ऐकलं होतं मी. पण अनुदान मागताना ही मुलं पुढच्या रांगेत होती साहेब. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पिस्तूल मागितलंत तुम्ही. आता ते आलंय तर ती मागं उभी राहणार नाहीत.”

“क्लब माझ्या नावावर चालतो.”

“क्लब तुमचा असेल. ते पिस्तूल मुलांचं आहे. बाराजणांचं.” मी घुलेसाहेबांकडं वळले. “सर, या पाच मुलांनी माझ्या देखरेखीखाली शिकायला कायद्यात कुठं बंदी आहे? असेल तर तुम्ही तोंडानं सांगा, इथं सगळ्यांसमोर. मी आत्ता त्यांना घेऊन परत जाते.”

घुलेसाहेबांनी आईबापांकडं पाहिलं, मग जाचकांकडं. “कायद्याचं तसं काही नाही,” ते म्हणाले. “मी आपला काळजीपोटी बोललो.”

“काळजी माझ्यावर सोडा.”

कापडदुकानदार पुढं आला. “मॅडम, तुमच्या भांडणात आमच्या पोरांचं नुकसान कशाला? आमची सात मुलं तरी चालू करा. बाकीचं मागनं बघू.”

मी खिशातून चावी काढली, त्यांना दिसेल अशी धरली. “कपाटाला दोन चाव्या आहेत. माझी चावी बाराजणांसाठी फिरेल. सातांसाठी नाही. दुसरा कोच बघा, मी चावी त्याच्या हातात देईन आणि जाईन. पण मी इथं असेपर्यंत एक तर सगळे, नाही तर कोणीच नाही.”

तो मागं सरकला. कोणी तरी पुटपुटलं. जाचकसाहेबांच्या गळ्याची शीर दिसत होती. ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं आणि खरं सांगते, ओरडावं अशी इच्छाही होती. पण ते डॉक्टरांना म्हणाले, “गुगळे, तुमची चावी माझ्याकडं द्या.”

डॉक्टर उठले. त्यांनी खिशात हात घातला. चावी काढली आणि तिच्याकडं बघत म्हणाले, “साहेब, परवान्यावर नाव माझं आहे. काही झालं तर मला धरतील. म्हणजे ठरवायचंही मीच ना?” आवाज फारसा पक्का नव्हता. पण त्यांनी वळून चावी कुलपात घातली. फिरवली. मग बाजूला झाले आणि माझ्यासाठी जागा केली.

मी माझी फिरवली.

पुढचं काय झालं तेही सांगून टाकते. दिवाळीनंतर जाचकसाहेबांनी मला काढलं, कोच म्हणून माझी गरज नाही असं सांगून. डॉक्टरांनी सचिवपद सोडलं. आम्ही दोघांनी मिळून वसतिगृहाच्या मागच्या गायरानाशेजारी एअर पिस्तुलाची रेंज उभी केली, ती आजही चालू आहे. तिथं गावातलीही मुलं येतात. क्लबात आता तिसरे अध्यक्ष आहेत आणि ते काळं पिस्तूल अजून मुलांच्याच हातात असतं, पारध्यांच्या मुलांच्याही, कारण एकदा चालू झालेलं बंद करायची पुन्हा कोणाची छाती झाली नाही. बिजली नेमबाज झाली नाही. ती सोलापूरला नर्स आहे. एवढंच. तिला मोठी खेळाडू झालेली दाखवता आली असती तर ऐकणाऱ्यांना बरं वाटलं असतं, पण मी त्यासाठी भांडले नव्हते.

त्या रविवारी मी पहिलं नाव बिजलीचं घेतलं. मुद्दाम. मूठ बदलली, दोन स्क्रू काढले आणि लावले, सगळे बघत असताना. सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे रक्षक चढले. तिच्या तळहातावर मी एक काडतूस ठेवलं. तिनं ते भरलं, हात लांब केला. मागं जाचकसाहेब, घुलेसाहेब, सगळे आईबाप.

गोळी सुटली आणि वाळूच्या पोत्यात घुसली, कागदापासून हातभर लांब.

दुसरी गोळी. तीही पोत्यात. तिसरी कागदाच्या कोपऱ्याला चाटून गेली. चौथी कुठं गेली ते मलाही दिसलं नाही. आवाज होणार म्हणून मनगट आधीच दचकत होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं दचकतं.

“काय हो मॅडम,” घुलेसाहेब मागून म्हणाले. हसण्यात आता विखार नव्हता, नवल होतं. “पारध्याची पोर, आणि नेम चुकतोय?”

“शिकायला आलीय,” मी म्हणाले. “चुकणार.”

बिजलीनं मान वळवली. तिचे डोळे भरून आले होते. “बाई, सगळे बघतायत. आणि मला जमत नाही.”

“न जमू दे. कोणाला काही दाखवायचं नाहीये तुला. बोल्ट उघड, रिकामं आहे का बघ, आणि मागच्याला जागा दे.”

तिनं तसं केलं. तिच्यामागून गौरी आली. तिची पहिली गोळी पोत्यांच्या वरच्या पत्र्यावर आपटली, खणकन आवाज झाला आणि सगळी मुलं हसली, बिजलीसुद्धा. मग मास्तरांच्या मुली, मग वसतिगृहातला मोठा, मग कापडदुकानदाराचा मुलगा, त्यानं तर डोळे मिटूनच चाप ओढला. एकामागून एक सगळे चुकत होते आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहत होते. जाचकसाहेब शेवटपर्यंत दारातून हलले नाहीत.

शेवटी पिस्तूल तपासून मी कपाटात ठेवलं आणि पोत्यांच्या भिंतीवर ओळीनं लावलेले बाराही कागद काढून आणले. नावं घालायचं कोणाला सुचलं नव्हतं. बहुतेक कोरेच होते, काहींवर इकडंतिकडं एखादं भोक. घुलेसाहेबांनी गठ्ठा माझ्या हातून घेतला आणि चाळला, पुन्हा चाळला.

“यातला त्या काळेच्या पोरीचा कुठला?”

“तुम्हीच ओळखा,” मी म्हणाले.